पित्ताची गोळी : कशासाठी आणि किती दिवस?

गेल्या वर्षावासात मंगळवार पेठेतल्या आमच्या वस्तीत रविवारच्या वंदनेनंतर आम्ही एक साधं काम केलं. आदल्या दिवशी घरोघरी निरोप दिला होता : घरात जेवढ्या गोळ्या-औषधं आहेत, तेवढी सगळी एका पिशवीत घालून विहारात आणा. चालू असलेली, अर्धवट राहिलेली, नाव पुसलेली, सगळी. सतरंजीवर पिशव्या रिकाम्या झाल्या. बीपीच्या गोळ्या निघाल्या, साखरेच्या निघाल्या, गुडघ्याच्या निघाल्या. पण जवळजवळ प्रत्येक पिशवीत एक पाकीट हटकून होतं. पित्ताची गोळी.

आम्ही विचारत गेलो, कुणी दिली? "डॉक्टरनी दिलेली, लई दिवस झालं." "मेडिकलवाल्याला सांगितलं पित्त झालंय, त्यानं दिली." "जावेची उरली हुती, तिच्यातली घेतली." आणि कधीपासून घेताय? यावर एका मावशीनं दिलेलं उत्तर आमच्या डोक्यातून गेलं नाही. "पोरीच्या लग्नापासनं," त्या म्हणाल्या. पोरीचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. नातू शाळेत जातो.

या मावशी चार घरची धुणीभांडी करतात. वय पन्नाशीच्या पुढं. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू. चेहरा पांढुरका पडलेला. जाता जाता म्हणाल्या, "सिस्टर, पायाला सारख्या मुंग्या येत्यात. चप्पल निसटली तरी कळत न्हाई बघा." पायाच्या मुंग्यांचा आणि पित्ताच्या गोळीचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो तेव्हा आम्हालाही वाटलं नसतं.

आमचाही यात हात आहे, ते आधी कबूल करतो. एका खासगी दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा पेशंटला सलाइन लावलं की सोबत ॲसिडिटीचं इंजेक्शन हे ठरलेलंच असायचं. ताप असो, जुलाब असो, कंबर असो. कुणी का म्हणून विचारत नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. सुट्टी देताना केसपेपरवर बाकीच्या गोळ्यांच्या वर पहिली ओळ पित्ताच्या गोळीची. ती किती दिवसांनी बंद करायची हे लिहिलेलं क्वचितच दिसायचं. वस्तीत कुणी छातीत जळजळतंय म्हणून दारात आलं, तर आम्हीच आमच्या पर्समधलं पाकीट काढून द्यायचो. "काही होत नाही, साधी गोळी आहे," हे वाक्य आम्ही किती वेळा बोललो असू, त्याची गणती नाही.

पित्त म्हणजे नेमकं काय

आपल्या बोलण्यात 'पित्त' हा शब्द फार मोठा संसार सांभाळतो. जेवणानंतर छातीत आग पडली तर पित्त. सकाळी उपाशीपोटी मळमळलं तर पित्त. अर्धं डोकं ठणकलं, उजेड सहन होईना, उलटी झाल्यावर बरं वाटलं, तर तेही पित्तच. अंगावर लाल गांध्या उठल्या की 'अंगावर पित्त उठलं'. पोट फुगलं तर पित्त, ढेकर आले तर पित्त.

यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे. अर्धं डोकं ठणकणं ही बहुतेक वेळा अर्धशिशी असते. अंगावरच्या गांध्या म्हणजे ॲलर्जी. पोट फुगण्याची कारणं अनेक, त्यातलं ॲसिड हे फार थोड्या वेळा. खरं पित्त तर यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं, आणि तेल-तूप पचवायला मदत करतं. आपण ज्याला पित्त म्हणून गोळी घेतो ते जठरातलं ॲसिड. म्हणजे नाव एकाचं आणि गोळी दुसऱ्यावर. त्यामुळे डोकेदुखीवर पित्ताची गोळी घेणाऱ्या बाईला गुण येत नाही, आणि गुण येत नाही म्हणून ती सकाळ-संध्याकाळ दोन घ्यायला लागते.

जठरातलं हे ॲसिड शत्रू नाही. अन्नातले प्रथिनांचे धागे ते सैल करतं. डाळी-भाजीतलं लोह शरीराला घेता येईल अशा रूपात आणतं. मटण, मासे, अंडी, दूध यातलं बी-१२ जीवनसत्त्व अन्नापासून सुटं करायला मदत करतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राखण करतं. पाण्यातून, शिळ्या अन्नातून आत आलेले बरेच जंतू जठरातच मरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पिण्याच्या पाण्याचे किती हाल झाले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. अशा दिवसांत पोटातला राखणदार झोपवून ठेवलेला असेल तर जुलाबाचा धोका वाढतो.

मग जळजळ होते ती का? ॲसिड जठरात असेपर्यंत ठीक. जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली झडप सैल झाली की ते वर येतं आणि छातीत आग पडते. दुसरं कारण, जठराचं आतलं अस्तर खराब होणं. ते खराब करणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. उद्यमनगरच्या फाउंड्रीत, कारखान्यांत राबणारे आपले भाऊ आणि धुणीभांडी करणाऱ्या बहिणी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक अशा गोळ्या चण्यासारख्या खातात. दुसरी म्हणजे एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सर हा तिखट आणि काळजी यांनी होतो असं डॉक्टरही मानायचे, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरनं १९८४ साली या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि जठराला सूज आणून घेतली. त्याला आणि त्याचे सहकारी रॉबिन वॉरेन यांना २००५ चा नोबेल पुरस्कार मिळाला. हा जंतू असेल तर दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक आणि ॲसिडच्या गोळ्यांच्या कोर्सने बहुतेकांचा त्रास मुळापासून जातो. नुसती पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर जंतू आत तसाच राहतो. वर गोळी चालू असताना तपासणी केली तर जंतू असूनही 'नाही' असा रिपोर्ट येऊ शकतो. म्हणून या तपासणीआधी साधारण दोन आठवडे गोळी थांबवायला सांगतात.

गोळ्या तीन जातीच्या

पहिली जात पातळ औषधाची किंवा चघळायच्या गोळीची. डायजीन, जेलुसिल ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. तयार झालेलं ॲसिड ती मारतात, काही मिनिटांत आराम पडतो, तास-दोन तासांत असर संपतो. यात मॅग्नेशियम असतं, त्यानं काहींना जुलाब होतात. ॲल्युमिनियम असतं, त्यानं काहींना बद्धकोष्ठ होतं. कंपन्या दोन्ही मिसळतात ते एवढ्यासाठीच. किडनीचा आजार असणाऱ्यानं ही औषधं विचारल्याशिवाय घेऊ नयेत. इनो आणि खायचा सोडा यात सोडियम भरपूर असतं. बीपी असलेल्या माणसानं रोज रात्री इनो पिणं म्हणजे जेवणातलं मीठ कमी करून ग्लासातून परत घेणं.

एक गोष्ट टीबीची गोळी चालू असलेल्या घरांनी लक्षात ठेवावी. हे पातळ औषध टीबीच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या लाल गोळीचंही तसंच, आणि थायरॉइडच्या गोळीला तर निदान चार तासांचं अंतर हवं. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी आणि जळजळीचं औषध आपल्या गरोदर मुली एकाच घोटात घेतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी जात रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीनची. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरी जात आज सगळ्यात जास्त खपणारी. नावाच्या शेवटी 'प्राझोल' असतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. जठराच्या भिंतीत ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात, ही गोळी ते पंपच बंद पाडते. बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवा तयार करावा लागतो. म्हणून एका गोळीचा असर दिवसभर टिकतो. पूर्ण गुण यायला मात्र तीन-चार दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर ही गोळी गिळून पाच मिनिटांनी "काय फरक नाही" म्हणत दुसरी घेणं व्यर्थ आहे. घ्यायचीच तर सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, आख्खी. फोडून किंवा कुटून घेतली तर जठरातच वाया जाते.

ही गोळी वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. अल्सरमधून रक्तस्राव होऊन खाटेवर आलेला माणूस हिच्यामुळे वाचतो. बहुतेक त्रासांना ती चार ते आठ आठवडे लागते. आमची तक्रार नवव्या आठवड्यापासून पुढची आहे.

फार दिवस घेतली तर

थोड्या दिवसांत कुणाला डोकं दुखतं, कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट दुखतं. गोळी थांबली की तेही थांबतं. खरा प्रश्न वर्षांचा आहे.

दोन-तीन वर्षांच्या वर रोज घेतली तर बी-१२ कमी पडू शकतं. हातापायाला मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, विसरायला होणं, चालताना तोल जाणं ही त्याची चिन्हं. साखरेची मेटफॉर्मिन गोळीही बी-१२ कमी करते. म्हणजे आमच्या मावशींवर दोन्ही बाजूंनी मार होता. त्यातून आपल्याकडे मटण रविवारी, तेही पाहुण्यांच्या ताटात आधी आणि घरच्या बाईच्या ताटात शेवटी रस्सा.

लोहाचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्त कमी असलेल्यांचं प्रमाण ५४.२ टक्के निघालं. दोघींतली एक. अशा बाईला वर्षानुवर्षं ॲसिड बंद करणारी गोळी देणं आणि वरून लोहाची गोळी देऊन "गुण का येत नाही" म्हणणं, हा उलटा कारभार आहे.

मॅग्नेशियम कमी होणं हा आणखी एक परिणाम. तो कमी वेळा होतो, पण झाला तर पेटके येतात, हात थरथरतात, छातीचे ठोके चुकतात. बहुतेक वेळा वर्षभराच्या वापरानंतर तो दिसला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल २०११ मध्ये इशारा दिला. लघवी वाढवणारी बीपीची गोळी सोबत असेल तर धोका अधिक. त्याआधी २०१० मध्ये हाडं मोडण्याबद्दल सूचना निघाली होती, ती जास्त डोस आणि वर्षाच्या वरचा वापर यांच्याबद्दल, मुख्यतः पन्नाशीपुढच्यांसाठी.

किडनीचं मात्र जपून ऐका. काही थोड्या लोकांत या गोळीनं किडनीला आतून सूज येते. हे कितव्या दिवशी होईल ते सांगता येत नाही. लघवी कमी होणं, अंगावर सूज, ताप, अंगावर पुरळ, अन्नावरची वासना जाणं अशी लक्षणं दिसतात, आणि कधी काहीच दिसत नाही. आपल्या देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात किडनीच्या इजेचा उल्लेख करायला सांगितलं. पण आपल्याला मेडिकलमध्ये दहातल्या चार गोळ्या कात्रीनं कापून मिळतात, माहितीपत्रक डब्यातच राहतं.

हृदयाला स्टेंट बसवून क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल स्वतःच्या मनानं घेऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या गोळीचा असर कमी होतो. डॉक्टर अशा वेळी दुसरी गोळी निवडतात.

आता दुसरी बाजू. मोबाइलवर फिरणारे निरोप वाचून काही जण घाबरून आमच्याकडे येतात की या गोळीनं कॅन्सर होतो, वेड लागतं. अशा गोष्टींचा संबंध काही पाहण्यांत दिसला, पण गोळीमुळेच ते झालं असं सिद्ध झालेलं नाही. फार दिवस गोळी घेणारा माणूस मुळातच वयस्क आणि आजारी असतो, हे विसरून चालत नाही. २०१९ मध्ये साडेसतरा हजारांवर हृदयरोग्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पँटोप्राझोल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, सुमारे तीन वर्षं. त्यात ठळक फरक दिसला तो आतड्याच्या जंतुसंसर्गाचाच, तोही थोडा. म्हणून भीती नको, हिशेब हवा. ज्याला गोळीची गरज आहे त्याला फायदा मोठा आणि धोका लहान. ज्याला गरजच नाही त्याच्या वाट्याला फायदा शून्य, मग लहानसा धोकाही कशाला घ्यायचा?

रॅनिटिडीनची गोष्ट

रँटॅक, झिनेटॅक, ॲसिलॉक. ही नावं आपल्या आयांच्या पिढीला पाठ होती. स्वस्त, छोटी, कुठल्याही दुकानात मिळणारी. सप्टेंबर २०१९ मध्ये बातमी आली की रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए नावाचा अंश सापडला आहे आणि तो कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत मोडण्याची शक्यता मोठी. त्याच महिन्यात आपल्या औषध महानियंत्रकांनी कंपन्यांना माल तपासायला सांगितलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेनं रॅनिटिडीन बाजारातून काढून घ्यायला लावलं. तपासात असं दिसलं की माल जसजसा जुना होतो आणि उष्णतेत राहतो, तसा हा अंश वाढतो.

ही ओळ वाचली तेव्हा आम्हाला आपली पत्र्याची घरं आठवली. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली भाकरी भाजावी अशी धग असते, आणि औषधाचा डबा नेमका वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचू नये म्हणून.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अत्यावश्यक औषधांची नवी यादी काढली. ३८४ औषधं होती, आणि वगळलेल्या २६ औषधांत रॅनिटिडीन होतं. यादीतून वगळणं म्हणजे बंदी नव्हे. म्हणून घरात जुनं पाकीट असेल तर टाकून द्या आणि पुढचं औषध डॉक्टरांना विचारून घ्या. त्याच जातीचं फॅमोटिडीन मिळतं, त्यात ही भानगड आढळलेली नाही. कधीतरी होणाऱ्या जळजळीला अनेकांना तेवढं पुरतं.

'डी' आणि 'एल' ही अक्षरं

सतरंजीवरची पाकिटं उलटून पाहिली तेव्हा निम्म्यांवर नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' होतं. म्हणजे पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन. हे मळमळीचं औषध आहे. युरोपच्या औषध संस्थेनं २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि एक आठवड्याच्या वर सहसा नको, कारण काहींत हृदयाचे ठोके बिघडतात. आपल्याकडच्या कॅप्सुलमध्ये ते ३० मिलिग्रॅम असतं आणि लोक वर्षभर घेतात. बायकांत पाळी चुकणं, बाळ नसताना छातीतून दूध येणं हेही या औषधानं होतं. एक तरुण मुलगी याच तक्रारीनं घाबरून आमच्याकडे आली होती, घरात भलताच संशय सुरू झाला होता. तिच्या पिशवीत 'डीएसआर'चं पाकीट निघालं. डॉक्टरांना दाखवून ते बंद केलं आणि महिनाभरात सगळं थांबलं.

'एल' किंवा 'एलएस' असेल तर त्यात लेवोसल्पिराइड असण्याची शक्यता असते. पाकिटामागची बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घ्या. हे औषध म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं, चालणं संथ होणं, चेहरा ताठ होणं असे कंपवातासारखे त्रास देऊ शकतं. मग कंपवाताचं औषध सुरू होतं. घरातल्या आजोबांचा हात नव्यानं थरथरायला लागला असेल तर आधी पित्ताच्या गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे, पाकिटावर तसं छापलेलंही असतं. तो किती पाळला जातो ते आपण जाणतो. मेडिकलवाल्याला दोष देऊन भागणार नाही. दवाखान्यात गेलं तर अर्ध्या दिवसाची हजेरी बुडते, हे त्यालाही माहीत आणि आपल्यालाही.

एकदम बंद करू नका

त्या रविवारी आमची एक चूक झाली. हे सगळं ऐकून दोघी-तिघींनी दुसऱ्याच दिवशी गोळी बंद केली. चौथ्या दिवशी एक जण रात्री अकराला दारात. "आग पडलीया नुसती, आधी एवढं कधीच नव्हतं. तुमचं ऐकून बंद केली आणि बघा."

हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. बरेच दिवस पंप बंद ठेवले की शरीर ॲसिडसाठी आतून जोर लावत राहतं. गोळी अचानक थांबली की ते सगळं उसळून येतं. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात ज्यांना पोटाचा काही त्रास नव्हता अशा १२० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे ही गोळी दिली. बंद केल्यावर त्यातल्या ४४ टक्के जणांना ॲसिडिटीचा त्रास झाला, पोकळ गोळी घेणाऱ्यांत तो १५ टक्के होता. म्हणजे गोळीनंच जळजळ तयार केली. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय आपलं चालत नाही. आणि पाकीट परत सुरू होतं.

म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरायचं. ४० ची असेल तर काही आठवडे २०, मग एक दिवसाआड, मग बंद. मधल्या काळात जळजळ झाली तर पातळ औषध घ्यायचं. ही उसळी बहुतेकांत काही आठवड्यांत बसते.

काही जणांनी मात्र स्वतःहून कमीही करायची नाही. अल्सरमधून पूर्वी रक्त गेलेलं असेल, हृदयासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असतील, सांध्यांसाठी रोज वेदनाशामक घ्यावी लागत असेल, दुर्बिणीच्या तपासात अन्ननलिकेला इजा सांगितली असेल, तर ती गोळी तुमचं रक्षण करतेय. डॉक्टरांना एवढंच विचारा : ही गोळी मला कशासाठी आहे, आणि कधीपर्यंत? सीपीआरला केसपेपर काढून जाताना गोळ्यांची पिशवी सोबत न्या. 'पित्ताची पांढरी गोळी' एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

गोळी घेऊन घरी थांबायचं नाही अशीही लक्षणं आहेत. शौचाला डांबरासारखं काळं होणं (लोहाच्या गोळीनंही काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं नसतं), उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा चोथा, घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. पित्ताची गोळी यातली जळजळ दाबते, आतला आजार वाढत राहतो.

आणि छाती. वस्तीतल्या एका भावाला १४ एप्रिलची मिरवणूक संपवून आल्यावर छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला. रात्री उशिरा जेवण झालेलं, मग गॅसच असणार म्हणून घरच्यांनी इनो दिलं, नंतर गोळी दिली, पाठीला बाम चोळला. सकाळपर्यंत वाट पाहिली. त्यांना नेलं तेव्हा काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. वय एक्केचाळीस. त्यांच्या बायको अजून आम्हाला विचारतात, "ताई, रात्रीच नेलं असतं तर?" आम्ही काही बोलत नाही. दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप लागणं यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करायचा. बायकांत आणि साखर असलेल्यांत छाती न दुखता नुसती मळमळ आणि थकवाही असू शकतो. ईसीजी काढून तो गॅस निघाला तर हसत परत यायचं.

गोळीनं त्रास झाला असं वाटलं तर भारत सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीचा मोफत क्रमांक आहे, १८०० १८० ३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो. आपल्या वस्तीतून असा फोन कुणी केल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

आता मावशींचं. त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. हिमोग्लोबिन साडेआठ, बी-१२ फारच खाली. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली, लोह दिलं, पित्ताची गोळी दोन महिन्यांत उतरवली. गुडघ्यासाठी घेत असलेली वेदनाशामक बदलली, जळजळीचं मूळ बहुधा तीच होती. मिश्री सोडायला मात्र त्यांना फार जड गेलं, आजही पूर्ण सुटलेली नाही. झोपायची रीत बदलली. दहा बाय दहाच्या खोलीत जेवणं आटोपली की लगेच अंथरूण पडतं, दुसरी जागाच नसते. आता त्या संध्याकाळी साडेसातला जेवून घेतात आणि दाराशी बसून राहतात. डोक्याखाली नुसत्या उशा रचल्यानं पोट दुमडतं आणि त्रास वाढतो, म्हणून पाठीपासून वर चढ येईल अशी घडी घातलेली वाकळ ठेवतात, आणि डाव्या कुशीवर झोपतात. आठ महिने झाले. मुंग्या कमी झाल्यात, गेलेल्या नाहीत. नस फार दिवस उपाशी राहिली की ती पूर्ण भरून येईलच असं नसतं. चप्पल निसटलेली आता कळते, असं त्या म्हणतात.

परवा त्यांनीच विचारलं, "मग सिस्टर, मिसळ कायमचीच बंद काय?" कोल्हापुरात राहून असा सल्ला द्यायची आमची छाती नाही. कुणाला तर्रीनं त्रास होतो, कुणाला नुसत्या उपाशीपोटी चहानं होतो. महिनाभर आपलं आपण बघायचं, काय खाल्लं की आग पडते ते. मावशींचा निकाल असा लागला की मिसळ पचते, पण कट वेगळा घेऊन, आणि सकाळीच. रात्रीची भजी मात्र त्यांनी स्वतःहून सोडली.